वाडीच्या घाटावर बोललेली सून

माझी श्रद्धा कधी डळमळली असेल, तर ती मुलीच्या तळहातावर पहिली गोळी ठेवताना. जयसिंगपुरात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, आतली तांब्याची तार नव्याने भरून आम्ही त्या चालू करून देतो. दर गुरुवारी आधी नृसिंहवाडीला जाऊन दत्ताच्या पादुकांचं दर्शन घ्यायचं आणि मग दुकान उघडायचं, हा माझा लग्नाच्या आधीपासूनचा नेम. आमच्याकडे नुसतं ‘वाडी’ म्हणतात. घरात काही चांगलं झालं की ते वाडीमुळे झालं, असं मी मानत आलो. त्यामुळे ऋतुजाचं दुखणं सुरू झालं तेव्हा मी आधी वाडीला गेलो आणि डॉक्टरकडे नंतर.

ऋतुजा आमची एकुलती मुलगी. नववीत जाईपर्यंत घर डोक्यावर घेणारी. मग ती गप्प गप्प होत गेली. आम्हाला वाटलं, वय आहे. पुढे ती ताटाकडे नुसती बघत बसू लागली, भाजीत कुणी काही घातलंय का असं विचारू लागली. वर्गातल्या मुली आपल्याबद्दल बोलतात, आणि ते घरात बसूनही ऐकू येतं, असं तिनं आईला सांगितलं. पंखा लावला की त्या जास्त बोलतात म्हणून ती ऐन उकाड्यात पंखा बंद करून बसायची. एका दुपारी मी जेवायला घरी आलो, तर ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दोन्ही कान झाकून उकिडवी बसली होती, आणि माझी बायको सुरेखा तिच्यासमोर तशीच बसून रडत होती. मला बघून ऋतुजा म्हणाली, “पप्पा, तुम्हाला खरंच ऐकू येत नाही?”

तिच्या वर्गशिक्षिकेनं आम्हाला कोल्हापूरच्या एका डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं. लहान मुलांच्या मनाच्या आजारांवर त्या उपचार करतात. त्या ऋतुजाशी एकटीशी बराच वेळ बोलल्या, मग आम्हाला आत बोलावलं. हा आजार आहे, कुणाची नजर नाही, आणि तुमच्या वाढवण्यात काही चुकलेलं नाही, असं त्यांनी सगळ्यात आधी सांगितलं. गोळी सुरू करावी लागेल म्हणाल्या. किती दिवस, असं सुरेखानं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “ते आज मला सांगता येणार नाही. आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी खोटं सांगणार नाही.”

सुरेखाचे थोरले भाऊ, आमचे अण्णा, शाहूवाडीकडं भातशेती करतात. ऋतुजावर त्यांचा फार जीव. त्यांना हे कळलं तसे ते तडक जीप घेऊन आले आणि उंबऱ्यातूनच ओरडले, “दाजी, एवढीशी पोरगी, आन् तिला येड्याच्या गोळ्या चालू केल्या व्हय? उद्या तिचं लगीन कसं जमायचं?” मी त्यांना समजावायला गेलो, पण माझं मन त्यांच्याच बाजूला उभं होतं. गोळीनं ऋतुजा दिवसा पेंगायची. शाळेत बाकावर डोकं टेकून झोपायची. भूक इतकी वाढली की जेवण झाल्यावरही ती डब्यांची झाकणं उघडून बघायची. शाळेचा ड्रेस उसवून शिवावा लागला, तो परत घट्ट झाला. पण तिनं पंखा मात्र पुन्हा लावायला दिला. एकदा मी तिला विचारलं, “बरं वाटतंय का गं?” तर ती विचार करून म्हणाली, “आवाज कमी झालेत पप्पा. पण मी पण कमी झाल्यासारखं वाटतंय.”

ते वाक्य घेऊन मी पुढच्या गुरुवारी पादुकांसमोर उभा राहिलो. इतक्या वर्षांत देवाशी कधी भांडलो नव्हतो, त्या दिवशी भांडलो. तूच बरं करणार असशील तर ही गोळी कशाला, आणि गोळीच बरं करणार असेल तर मी इथं कशाला येतो, असं मनातल्या मनात विचारलं. मागची माणसं पुढे ढकलत होती. बाहेर येऊन मी पेढे घेतले नाहीत, तसाच दुकानात गेलो.

दिवाळीनंतर डॉक्टरबाईंनी गोळी बदलली. आवाज पुरते गेलेले नव्हते आणि वजन वाढतच होतं, म्हणून दुसरी देऊन बघू म्हणाल्या. ह्या गोळीनं एखाद्या मुलाची मान किंवा जीभ आखडते, तसं काही झालं तर घाबरू नका, लगेच फोन करा, असंही त्यांनी सांगितलं होतं. आम्ही मान डोलावली. झोपेत उशी सरकल्यावर मान धरते, तसलं काहीतरी असेल असं आम्ही समजलो, आणि विसरलो.

त्याच आठवड्यात गुरुवारी अण्णा जीप घेऊन आले. सगळे मिळून वाडीला जाऊ म्हणाले. दर्शन झाल्यावर नदीपलीकडं बाधा उतरवणारा एक जाणता माणूस आहे, त्याच्याकडं पोरीला न्यायचं आणि गोळ्या बंद करायच्या, असं त्यांनी सुरेखाशी आधीच बोलून ठेवलं होतं. सुरेखानं ते मला सांगितलं तेव्हा मी ‘नको’ म्हणालो नाही. ‘बघू’ म्हणालो. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे निम्मा होकार असतो. मी दमलो होतो. कुणीतरी माझ्या हातातून हा निर्णय काढून घ्यावा, असं मला वाटत होतं.

दर्शन चांगलं झालं. ऊन कोवळं होतं, कृष्णामाईचं पाणी खाली गेलं होतं, घाटाच्या पायऱ्यांवर माणसं निवांत बसली होती. ऋतुजा सकाळपासून जबडा चोळत होती. दात दुखतोय का, असं सुरेखानं तिला विचारलंही होतं. पायऱ्यांवर बसल्यावर ती एकदम म्हणाली, “मम्मी, माझी जीभ...” आणि पुढचं बोलणं घोगरं होऊन तोंडातच राहिलं. तिची मान हळूहळू डावीकडे वळायला लागली. कुणीतरी हातानं धरून पिळावी तशी ती वळत गेली, वळत गेली आणि तिथंच अडकली. जबडा वाकडा झाला. डोळ्यांची बुबुळं वर गेली आणि नुसतं पांढरं दिसायला लागलं.

सुरेखा किंचाळली. बघता बघता आमच्याभोवती माणसांचं कडं झालं. वाडीत बाधा झालेली माणसं लांबून लांबून येतात, त्यामुळे तिथं कुणाला नवल वाटत नाही. कुणीतरी अंगारा आणायला धावलं. एक म्हातारी म्हणाली, “दत्ताफुडं आली, आता बाहीर पडतंय बगा.” एक माणूस वाकून ऋतुजाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन विचारायला लागला, “कोण हाईस तू? नाव सांग! कशापायी धरलंस पोरीला?” अण्णांनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले होते. मी बाजूला उभा. फोन जीपमध्ये राहिलेला, आणि खरं सांगायचं तर फोन करायचा असतो हेसुद्धा मला आठवलं नाही. माझ्या डोक्यात एकच होतं. अण्णा बरोबर होते. इतके दिवस आपण चुकीच्या दारात उभे होतो.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे घुसली. बाई तरी काय, पंचविशीच्या आतबाहेरची मुलगीच. हिरवी साडी, कडेवर वर्षा-दीड वर्षाचं बाळ, आणि बोलणं आमच्याकडच्या बायांचं, ‘मी जातो, मी येतो’ असं. तिनं त्या नाव विचारणाऱ्या माणसाला कोपरानं बाजूला सारलं आणि म्हणाली, “सरका की जरा! डोळं वर गेल्यात, पर पाणी गळतंय बगा त्यातनं. तिला सगळं कळतंय.” खरंच, ऋतुजाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. आमच्यापैकी कुणीच ते पाहिलं नव्हतं. ती बाई खाली बसली, ऋतुजाच्या मुठीत आपलं बोट दिलं आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, “बाळ, मान आखडलीया न्हवं? व्हय असंल तर बोट दाब माझं.”

ऋतुजानं बोट दाबलं. इतकं जोरात, की त्या बाईनं डोळे मिटले.

मग तिनं वर बघून मला विचारलं, “काका, गोळी कंची चालू हाय पोरीला?”

सगळं कडं माझ्याकडं बघत होतं. त्यात आमच्या जयसिंगपूरची दोन ओळखीची तोंडं मला दिसली. वर्षभर आम्ही गल्लीत कुणाला काही कळू दिलं नव्हतं. ऋतुजाला रक्त कमी आहे, म्हणून कोल्हापूरला नेतो, असं सांगत होतो. मी त्या दोघांकडं बघितलं आणि मान खाली घातली. त्या बाईला ते समजलं असावं. ती उभी राहिली आणि साऱ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “लाजू नका. मी बी घेतो. डोक्याचीच गोळी. नववीत हुतो तवापासनं घेतो. माझी बी मान अशीच वळल्याली. हे देवाचं न्हाय आन् भुताचं बी न्हाय, गोळीचं हाय. ह्यावर सुई असत्या, घटकाभरात सरळ हुतंय. गाडी हाय का तुमच्याकडं?”

ती हे बोलली आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या एका प्रौढ बाईचा चेहरा मी पाहिला. डोक्यावर पदर, हातात नारळाची पिशवी. ती तिची सासू होती. हे बोलणं ती आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होती, हे तिच्या चेहऱ्यावरून मला लख्ख दिसलं. सुनेनंही वळून तिच्याकडं पाहिलं. मग सासूनं पिशवी खाली ठेवली, पुढे होऊन सुनेच्या कडेवरचं बाळ घेतलं आणि म्हणाली, “जा तू पोरीसंगं. ह्याला मी बगतो.” मग अण्णांकडे वळून म्हणाली, “पावणं, बगत काय उभा ऱ्हायलाय? उचला की पोरीला!”

अण्णांनी ऋतुजाला उचललं. जीपपर्यंत ते पळतच गेले. मागच्या सीटवर त्या मुलीनं ऋतुजाचं डोकं मांडीवर घेतलं आणि वाटभर तिच्याशी बोलत राहिली. तिचं नाव अश्विनी. गगनबावड्याकडची सून. तिला शाळेत असताना भिंतीतून कुणीतरी हाका मारायचं. “पयलं वरीस लई वंगाळ गेलं,” ती ऋतुजाला सांगत होती, “नुस्ती झोप यायची, फुगून भोपळा झाल्तो. मग डॉक्टरनं बदलून बदलून बरूबर गोळी काढली. बारावी झालो. लगीन झालं. बाळाच्या येळंला डॉक्टरला इचारूनच सगळं केलं. आता रोज येक बारकी गोळी घेतो आन् म्हशीची धार काढतो. काय बी हुत न्हाय बग.” ऋतुजाची मान तशीच वळलेली होती, पण तिनं अश्विनीचं बोट सोडलं नव्हतं.

मी पुढच्या सीटवरून मागं वळून विचारलं, “तुमच्या घरात माहीत नव्हतं?”

“ह्यांना ठाव हाय. लग्नाच्या आदीच सांगितल्यालं. सासूला न्हवतं.”

“मग आता?”

ती थोडी हसली. “आता काय, बोललो की.”

शिरोळच्या वाटेवर एका डॉक्टरांचा दवाखाना उघडा मिळाला. सुरेखाच्या पर्समध्ये गोळ्यांची पट्टी होती. तोवर माझ्या डोक्यातलं धुकं जाऊन मला कोल्हापूरच्या डॉक्टरबाईंचे शब्द आठवले होते. मी त्यांना फोन लावून दिला. दोघं डॉक्टर आपसांत बोलले आणि मग तिथल्या डॉक्टरांनी ऋतुजाला इंजेक्शन दिलं. आम्ही सगळे तिच्या मानेकडं बघत उभे होतो. आधी जबडा सैल झाला. मग बुबुळं खाली आली आणि तिनं आमच्याकडं पाहिलं. मान हळूहळू समोर आली, जशी गेली होती तशीच, कुणीतरी धरून आणावी तशी. सुरेखा तिच्या छातीवर डोकं ठेवून हुंदके देत होती. ऋतुजा जडपणानं बोलली, पण शब्द स्पष्ट होते. “मामा,” ती अण्णांना म्हणाली, “तू रडत होतास. मला सगळं ऐकू येत होतं.”

अण्णा दवाखान्याच्या बाहेर जाऊन उभे राहिले. मी त्यांच्यामागं गेलो. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, “दाजी, त्या नदीपलीकडच्या माणसाकडं नेली असती, तर त्यानं माझ्या पोरीला झोडपलं असतं. आन् मी तिचं हात धरून उभा ऱ्हायलो असतो.”

अश्विनीला सोडायला आम्ही परत वाडीला आलो. तिची सासू पेढ्यांच्या दुकानासमोर सावलीत बसली होती, बाळाचं तोंड पेढ्यानं माखलेलं. तिनं आधी ऋतुजाची हनुवटी धरून मान इकडं तिकडं वळवून बघितली, भाजी पारखावी तशी. “बरी झाली म्हणायची,” एवढंच म्हणाली. मग सुनेकडं वळली. अश्विनी पदराचं टोक पिळत उभी होती. मला वाटलं, आता काय ते होणार. मी मध्ये पडायच्या तयारीत होतो.

“गोळ्या कुटं ठेवतीस?” सासूनं विचारलं.

अश्विनी हळूच म्हणाली, “ट्रंकंत. साड्यांच्या खाली.”

“ट्रंकंत उंदरं हाईत,” सासू म्हणाली. “उद्यापासनं फडताळात ठेव. माझ्या साखरंच्या गोळ्यांच्या डब्यात. दोगी संगट घेऊ, म्हंजे मला बी याद ऱ्हाईल.” आणि तिनं बाळ सुनेच्या हातात दिलं.

मी आयुष्यात पुष्कळ आरत्या, पुष्कळ पालख्या पाहिल्या आहेत. पण देवाच्या दारात उभं असल्यासारखं मला जितकं त्या पेढ्यांच्या दुकानासमोर वाटलं, तितकं गाभाऱ्यातही कधी वाटलं नव्हतं. मी त्या बाईंच्या पाया पडायला वाकलो, तर त्या मागं सरकल्या. “माज्या काय पाया पडताय पावणं? तिकडं जावा,” म्हणत त्यांनी देवळाकडं हात केला. आम्ही चौघं परत पायऱ्या उतरून खाली देवळाकडं गेलो.

त्यानंतर सगळं सरळ झालं, असं नाही. डॉक्टरबाईंनी ती गोळी थांबवून तिसरी दिली. ती देताना ह्या वेळी आम्ही प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली, आणि अण्णासुद्धा शाहूवाडीहून मुद्दाम येऊन शेजारी बसले. त्यांचे प्रश्न सगळ्यात जास्त होते. ही गोळी ऋतुजाला मानवली. वजनासाठी आणि साखरेसाठी मधून मधून रक्त तपासावं लागतं. संध्याकाळी आम्ही बापलेक जयसिंगपूरच्या सरळ गल्ल्यांतून चालत जातो, एका गल्लीनं जायचं आणि दुसरीनं यायचं. पहिल्यांदा ती मुकाट्यानं चालायची. आता शाळेतल्या गोष्टी सांगते, शिक्षकांच्या नकला करते, आणि मला दम लागला तर माझीच चेष्टा करते. दहावीला तिला जे गुण पडले ते तिच्या मैत्रिणींपेक्षा कमी आहेत, पण निकालाच्या दिवशी सुरेखानं साऱ्या गल्लीत पेढे वाटले. कुणी विचारलं तर आम्ही आता सांगतो. दोन-चार माणसं आमच्याकडं यायची बंद झाली. त्यांच्या जागी दुसरी आली. आडून आडून विचारतात, तुमच्या डॉक्टरबाईंचा नंबर मिळेल का, आमच्या पोराचं थोडं असंच आहे.

अजूनही एखादा दिवस वाईट येतो. परीक्षेच्या आधी तिला कुणाचा तरी आवाज आल्यासारखा वाटतो. पण आता ती कोपऱ्यात जाऊन बसत नाही, आम्हाला येऊन सांगते. आम्ही डॉक्टरबाईंना कळवतो. ही गोळी कधी सुटेल का, की अश्विनीसारखी तिलाही पुढे घेत राहावी लागेल, ते डॉक्टरबाई आजही सांगत नाहीत. आधी ह्या न सांगण्याचा मला राग यायचा. आता वाटतं, जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारं माणूस आपल्याला मिळालं, हीसुद्धा कृपाच.

लोक विचारतात, त्या दिवशी तुम्हाला प्रचिती आली का? मला त्याचा वाद घालता येत नाही. अश्विनी त्या गुरुवारी आपल्या बाळाचं जावळ देवाला वाहायला आली होती आणि योगायोगानं आमच्या मागच्या पायरीवर बसली होती, असं कुणी म्हणालं तर तेही खरंच आहे. मला एवढंच माहीत आहे की, तिनं गप्प बसायचं ठरवलं असतं तर तिचं काही बिघडलं नसतं, आणि आमचं सगळं बिघडलं असतं. भरल्या घाटावर, सासूसमोर, ‘मी बी घेतो’ म्हणायचं बळ तिच्यात कुठून आलं, हे मी तिला विचारलं नाही. ज्यानं दिलं, त्याला मी ओळखतो असं मला वाटतं.

माझा गुरुवारचा नेम चालू आहे. शरण जाणं म्हणजे काही न मागणं, असं मी पूर्वी समजायचो. तसं मला जमलेलं नाही. मी अजूनही मागतो, आणि पोरीसाठी तर रोजच मागतो. फक्त काय द्यायचं, केव्हा द्यायचं आणि कुणाच्या हातानं द्यायचं, हे आता मी त्याला सांगत नाही.